राहिलेली मूठ

“शेवटची पाळी कधी आली होती?” मी विचारलं.

“श्रावणातल्या पहिल्या सोमवारी,” केशर म्हणाली. “पक्कं ध्यानात हाय. उपास धरला व्हता, शिवामुठीला तांदूळ काढून ठेवले व्हते, आन् देवळात निघायच्या टायमालाच बाजूला बसावं लागलं.”

मी भिंतीवरच्या तक्त्याकडे वळले. आमच्या रसाळ प्रसूतिगृहात तारीख सांगणारी बाई वर्षातून एखादी यायची. बाकीच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपंचमीला, सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी बाहेरच्या झालेल्या असायच्या. म्हणून दर डिसेंबरात नवं कॅलेंडर आलं की मी पट्टी आणि दोन रंगांची पेनं घेऊन बसायची. डाव्या बाजूला सण, उपास, अमावास्या-पौर्णिमा लाल शाईत, उजव्या बाजूला इंग्रजी तारखा निळ्या शाईत. पाहुणे डॉक्टर आले की रसाळ सर त्यांना आधी तो तक्ता दाखवायचे. म्हणायचे, “आमच्या घोलपबाईंचं डोकं.” मी तोंडदेखलं काहीतरी बोलायची, पण आत फुगून जायची.

पहिला श्रावण सोमवार, १९ जुलै. मी आठवडे मोजायची तारखांची चकती फिरवली. त्या दिवशी पाच ऑक्टोबर होता, मंगळवार. केसपेपरवर लिहिलं, अकरा आठवडे एक दिवस.

“किती भरले?” भानुदासनं, तिच्या नवऱ्यानं, विचारलं.

“अकरा आठवडे. तिसरा सरत आला.”

“तिसरा?” केशर नवऱ्याकडे बघायला लागली. “मला तर दुसरा लागलाय आसं वाटत व्हतं.”

मी हसले. खरंच हसले, ते हसणं मला अजून ऐकू येतं. “नऊ वर्षांनी दिवस राहिलेत, डोकं ठिकाणावर राहील कसं? तुझी पाळीसुद्धा वेळेवर नसते, तूच म्हणालीस ना? तारखेचं काम माझ्यावर सोड.”

“तुमी म्हणता तसं,” ती म्हणाली.

केशर दहातोंडे तीस वर्षांची होती. गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. नऊ वर्षांत नगरचे दोन डॉक्टर, एक वैद्य आणि कुठलेकुठले नवस करून झाले होते. भानुदासला दुसरं लग्न कर म्हणणारे भाऊबंद होते आणि तो त्यांना दाद देत नव्हता, हे तिनं मला न विचारताच सांगितलं. लाल डाग दिसायला लागला म्हणून दोघं पहिल्या एसटीनं आले होते. डाग थोडाच होता. ती घाबरली होती, पण घाबरण्याच्या आत तिला आनंद झालेला होता आणि तो लपत नव्हता.

सर यायला वेळ होता. तिची भीती जावी म्हणून मी तिला माझी दुसरी कलाकुसर दाखवली. जाड पुठ्ठ्यावर मी आठवड्यांप्रमाणे दाणे चिकटवले होते. चौथ्या आठवड्याला खसखस, पाचव्याला तीळ, सहाव्याला मसूर, सातव्याला हरभरा, आठव्याला राजमा. पुढं दाणे पुरेनात, म्हणून खजूर, अंजीर, लिंबू अशी चित्रं काढली होती. बायकांना सेंटिमीटर सांगून काही कळत नाही. दाण्यावर बोट ठेवलं की कळतं.

केशरनं मसुरावर बोट ठेवलं. “ह्ये कधी?”

“सहाव्यात. तेव्हा हाताच्या जागी नुसते कोंब असतात, आणि काळजाची बारीक फडफड सुरू होते. पण ते तुझं मागेच सरलं. तू इथं आहेस बघ.” मी तिचं बोट धरून अंजिरावर नेलं. “आता बोटं सुटी झालीत. नखं यायला लागलीत. पोटात हातपाय हलवत असेल, तुला अजून कळायचं नाही.”

“नखं,” ती म्हणाली. आणि स्वतःच्या नखांकडे बघून हसली.

सरांचं सोनोग्राफीचं मशीन जुनं होतं, एका नगरच्या डॉक्टरांनी वापरून विकलेलं. पोटावरून बघायचं, आणि पडद्यावर निम्मा पाऊस. सर बराच वेळ बघत राहिले. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “घोलपबाई, तारीख?”

“एकोणीस जुलै, सर.”

“नक्की?”

“पहिला श्रावण सोमवार. तिचा उपास मोडला त्या दिवशी. बायका असलं विसरत नाहीत.”

ते मला बाहेर घेऊन आले. पडद्याआड केशर झोपलेली होती, म्हणून हळू बोलले. “गर्भाची पिशवी सहा आठवड्यांची आहे फार तर. ठोका दिसत नाही. अकरा आठवडे झाले असतील तर वाढ केव्हाच थांबलीय.” हातमोजे काढले. “आठ दिवसांनी पुन्हा बघावं का?”

ते मला विचारत होते. मी त्यांच्यापेक्षा वयानं मोठी होते, बावीस वर्षं हेच काम केलेलं होतं, आणि ते मला मान द्यायचे. मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. “अकरा आठवडे झालेत, सहाची पिशवी, ठोका नाही, वर रक्त चालू. कशाला टांगून ठेवायची, सर? गावाकडे रात्री-अपरात्री अंगावर गेलं तर ती इथवर पोचायची सुद्धा नाही.”

“हं,” सर म्हणाले.

केशरला त्यांनीच सांगितलं, नीट, समजावून. ती उठून बसली होती. तिनं सरांचं सगळं ऐकलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आत्ताच तर तुमी म्हणालात, नखं आलीत.”

मी संमतीचा कागद शोधायला लागले.

“थांबून बघता येनार न्हाई का, डाक्टरसाहेब? पाच-सहा दिवस?”

सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना त्या वेळी एक शब्द हवा होता, कुठलाही. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “थांबून काय होणार गं? पाच आठवड्यांपूर्वीच थांबलंय ते. जितकं ठेवशील तितका तुलाच त्रास.”

तिनं संमतीच्या कागदावर सही केली. सातवीपर्यंत शिकलेली होती, अक्षर चांगलं होतं. भानुदासनं तिच्या खाली केली.

गर्भाशय साफ करायला वीस मिनिटंही लागली नाहीत. ट्रे माझ्याकडे आला. तपासायला पाठवण्याआधी मी ते नेहमीसारखं पाण्यात धुऊन बघितलं. वाढ थांबून महिना झालेला असला की ते काळपट, विरलेलं, तुकड्यातुकड्यांत निघतं. मी असले शेकडो ट्रे बघितले होते. हे पांढरं होतं, स्वच्छ. कापसासारख्या बारीक धाग्यांची गच्च झालर आणि आत पाण्यानं भरलेली इवलीशी पिशवी, न फुटलेली. मला वाटलं, इतकं ताजं कसं? वाटलं आणि मी बाटलीचं झाकण लावलं. दुपारचे दोन वाजले होते, मला भूक लागली होती.

भानुदास मागच्या अंगणात नळाजवळ बसला होता. मी त्याला चहा नेऊन दिला. त्यानं कप घेतला आणि जमिनीवर ठेवून दिला.

“शुद्धीवर येतेय,” मी म्हणाले. “संध्याकाळी घरी नेता येईल.”

“तिला काय सांगू, सिस्टर? लई आशा केली व्हती हो.” मग तो आपल्याशीच बोलल्यासारखा बोलत राहिला. “धोंड्याला सासऱ्यानं बोलावलं व्हतं. नऊ वरसं झाली, आमच्याकडून काई न्हाई, तरी मान केला त्यांनी. अनारशाचं वाण दिलं, कापडं केली. पंधरा दिस ऱ्हायलो. तिथल्या देवीला ती नवस बोलली. मग घरी आलो, शाळेत झेंडावंदन झालं, तिनं पोरांना शिरा केला, आन् आठ दिसांनी श्रावनाचा पयला सोमवार, तर पाळी आली. रातभर रडली. म्हनली, देवीनं बी ऐकलं न्हाई. आन् फुडच्या म्हैन्यात बगतो तर...”

“झेंडावंदन आधी?” मी विचारलं.

“आँ?”

“झेंडावंदन आधी झालं, मग तो सोमवार आला?”

“व्हय. पंध्रा आगस्ट झाला, मग आला की सोमवार.”

मी आत आले. चालत आले, धावले नाही. कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. जुलैच्या पानावर अठरा तारखेच्या चौकोनात ‘श्रावण मासारंभ’ लिहिलं होतं, आणि त्याच्या आधी, तितक्याच बारीक अक्षरात, ‘अधिक’. त्या वर्षी श्रावण दोन होते. पहिला धोंड्याचा. धोंड्यात जावयाला वाण देतात, पण श्रावणातले उपास, शिवामूठ, सोमवार यातलं काही त्यात धरत नाहीत. ते सगळं दुसऱ्या, खऱ्या श्रावणात. हे काही मला शिकवायला नको होतं. माझ्या आईनं माझ्या नवऱ्याला त्याच धोंड्यात अनारसे दिले होते, मी स्वतः दोन खाल्ले होते. पण तक्ता मी डिसेंबरात केला होता. डिसेंबरात धोंडा कुणाच्या मनात असतो? महिना लागल्याची तारीख बघितली, पट्टी ठेवली, पहिला सोमवार उतरवून घेतला. आणि केशर समोर बसली होती तेव्हा मी विचारच केला नाही. विचार करावा लागू नये म्हणून तर तक्ता केला होता.

ऑगस्टचं पान उलटलं. तेवीस तारखेच्या चौकोनात चक्क छापलेलं होतं, ‘शिवामूठ, तांदूळ’.

तेवीस ऑगस्ट ते पाच ऑक्टोबर. मी चकती घेतली नाही. बोटांवर मोजलं. सहा आठवडे, एक दिवस.

पिशवी सहा आठवड्यांची होती, कारण सहाच आठवडे झाले होते. काही थांबलेलं नव्हतं. तिचं बोट पहिल्यांदा जिथं पडलं होतं तिथंच ते होतं, मसुरावर. आणि मी तिचा हात धरून पुढं नेला होता.

सर जेवायला बसले होते. मी कॅलेंडर त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं आणि दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी दोन्ही पानं बघितली. हात धुतले. बराच वेळ टॉवेलला हात पुसत राहिले.

“आपल्या मशीनला सहा आठवड्यांचा ठोका दिसत नाही,” ते म्हणाले. “आठवड्यानं दिसला असता.”

“हो.”

“किंवा नसताही दिसला. रक्त चालू होतं. कदाचित टिकलं नसतं तसंही.”

“कदाचित.”

“मी थांबायला हवं होतं,” ते म्हणाले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, आणि घेतलं असतं तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं. मग विचारलं, “केसपेपरवर काय आहे?”

“एकोणीस जुलै.”

“राहू द्या तसंच.”

मी मान हलवली. पुढं त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. दोन महिन्यांत सरांनी नवं मशीन घेतलं, आणि त्यानंतर ठोका नाही दिसला तर ते आठ दिवस थांबायचे, कुणी काहीही म्हणो. मला त्यांनी पुन्हा कधी काही विचारलं नाही.

केशर संध्याकाळी गेली. भानुदासनं तिला धरून रिक्षात बसवलं. मी दार लावून तक्त्यासमोर खुर्ची घेतली आणि व्हाइटनरच्या बाटलीतल्या ब्रशनं एकोणीस जुलै झाकला. वाळल्यावर निळ्या शाईत लिहिलं, २३ ऑगस्ट. खालचे तीन सोमवारही दुरुस्त केले. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं, याची मला स्वतःचीच शिसारी आली.

आठ दिवसांनी ती तपासणीला आली, एकटीच. तब्येत ठीक होती. मी गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगितलं. ती ऐकत होती, पण बघत होती पुठ्ठ्यावरच्या दाण्यांकडे. मला वाटलं होतं तो पुठ्ठा काढून टाकावा, पण काढला असता तर कुणीतरी का म्हणून विचारलं असतं.

“सिस्टर, एक विचारू?”

“विचार ना.”

“माजंच चुकलं ना ह्यात?”

“नाही गं. असं होतं कधीकधी. कुणाचं काही चुकत नाही.”

“न्हाई, चुकलंच,” ती शांतपणे म्हणाली. तिनं आठ दिवस ते मनाशी जुळवून ठेवलेलं होतं. “पयल्या सोमवारची मूठ वाहायची ऱ्हायली. मला वाहता येत नव्हती तर जावंच्या हाती द्यायची व्हती. तेवढं चालतं. पन मला राग आला व्हता. देवी ऐकत न्हाई तर कशाला वाहायची, म्हनून तांदूळ परत डब्यात टाकले. त्याचंच झालं.”

मी तक्त्याकडे पाठ करून उभी होते. माझ्या पाठीमागं, हातभर अंतरावर, व्हाइटनरची ती पांढरी पट्टी होती. मला एवढंच करायचं होतं, बाजूला व्हायचं आणि सांगायचं, केशर, तू म्हणालीस ते बरोबर होतं, दुसराच लागला होता. तिनं आरडाओरडा केला असता, भानुदास चार माणसं घेऊन आला असता, दवाखाना बंद पडला असता, मी घरी बसले असते. पण ती स्वतःला दोष देत बसली नसती. हे सगळं मला तेव्हा, तिथं उभ्या उभ्या, स्वच्छ दिसत होतं.

“मंग आता काय करू?” तिनं विचारलं.

आणि मी म्हणाले, “पुढच्या वर्षी न चुकता वाहा.”

तिचा चेहरा जरा सैलावला. काहीतरी करता येण्यासारखं आहे हे ऐकून माणसाचा सैलावतो तसा. तिनं पिशवी उचलली, मला नमस्कार केला आणि गेली.

तिला पुन्हा दिवस राहिले नाहीत. चार वर्षांनी भानुदासनं दुसरी केली, तिच्याच संमतीनं, असं कळलं. मी निवृत्त झाले. कदाचित तसंही टिकलं नसतं, हे सरांचं वाक्य मी इतकी वर्षं औषधासारखं घेत आले. गुण कधी आला नाही.

एकोणीस वर्षांनी श्रावण पुन्हा दोनदा आला. धोंड्यातल्या पहिल्या सोमवारी मी बाजारात गेले होते. परतताना महादेवाच्या देवळाच्या पायरीवर ती दिसली. केस पिकलेले, अंगावर फिकी निळी साडी, मूठ मिटलेली. देवळात दुसरं कुणी नव्हतं. तिनं मला लगेच ओळखलं.

“धोंड्यात कुठं शिवामूठ असते, केशर?” मी म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून.

“ही आवंदाची न्हाई, सिस्टर. आवंदाची दुसऱ्या श्रावनात वाहीन. ही त्या सालची, ऱ्हायलेली.”

“त्या सालची?”

“तुमीच तर सांगितलं व्हतं, फुडच्या वर्षी वाहा म्हनून. फुडच्या वर्षी वाहिली. पन फळली न्हाई. मंग म्हनलं कमी पडत आसंल, म्हनून दर साली एक जास्तीची वाहते.” ती हसली. “आता फळायचं वय बी गेलं. पन मोडवत न्हाई.”

मी पायरीवर बसले. ती माझ्या शेजारी बसली, मला ऊन लागलं असं तिला वाटलं. मी म्हणाले, “केशर, त्या दिवशी तू मला म्हणाली होतीस, दुसरा लागलाय. आणि मी म्हणाले, तिसरा.” मी तिच्याकडे वळले. “तुझं बरोबर होतं. दुसराच होता. मी तारीख चुकीची लावली होती.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला ते कळावं म्हणून मी वाट बघत होते, आणि कळू नये म्हणूनही. तिनं कपाळाला आठ्या घालून आठवून बघितलं.

“मी म्हनले व्हते आसं?” ती म्हणाली. “काय की. मला तर काय बी आठवत न्हाई. नखं आलीत म्हनलात, तेवढंच आठवतं.”

“केशर, ते बाळ—”

“जाऊ द्या आता, सिस्टर. तुमी लई केलं त्या दिवशी. खांद्यावर हात ठेवला व्हता, तो मी इसरले न्हाई.” ती उठली. मूठ उघडून तिनं निम्मे तांदूळ माझ्या तळव्यावर ओतले. “आलाच हाय तर तुमी बी वाहा त्या लेकराच्या नावानं. तुमचं वाहिलेलं पोचंल कदाचित.”

ती आत गेली. मी तांदळांवर मूठ मिटली, उठले आणि तिच्या मागं गेले.